कंबर ‘बसवून’ घ्यावी का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: ठाण्याच्या एका भगिनींचं वय ४७ आहे. त्या घरून पोळीभाजी केंद्र चालवतात, मदतीला एक बाई आहेत. दोन महिन्यांपूर्वी कणकेचं मोठं पातेलं खाली ठेवताना त्यांच्या कंबरेत चमक भरली. चार दिवसांत दुखणं डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरलं आणि अंगठ्याला मुंग्या आल्या. एमआरआयमध्ये एल४-एल५ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली, गादी फुगून नसेला टेकल्याचं दिसतं. सर्जन म्हणाले, ऑपरेशनची घाई नाही. गोळ्या घ्या, पट्टा लावा, नंतर पाहू. नात्यातल्या एकांना ऑपरेशननंतर चालता येईना, म्हणून बाईंना त्या वाटेची धास्ती आहे. मुलाने मोबाइलवर कायरोप्रॅक्टिकचे, म्हणजे मणक्यावर हाताने दाब किंवा झटका देण्याच्या उपचाराचे, व्हिडिओ दाखवले. जवळच्या एका केंद्रात ‘न मोडता, अगदी हळुवारपणे गादी जागेवर बसवतो’ असं सांगून २४ बैठकांचं पॅकेज दिलं आहे. पैसे आधी भरले तर सवलत. सासूबाईंचं म्हणणं, पायाळू माणसाचा पाय लावून घे. बाई लिहितात, ‘आता कळ पूर्वीसारखी पोटरीत जात नाही, मांडीतच थांबते, पण कंबर जास्त धरते. अर्धा तास ओट्याशी उभं राहिलं की आडवं व्हावंसं वाटतं, आणि आडवं झालं की अपराधी वाटतं. गादी खरंच बसेल का? पैसे भरू का? की केंद्रच बंद करू?’

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलं आहे आणि मला ती चांगली बातमी वाटते. कळ पोटरीतून वर सरकून मांडीत थांबते आणि कंबर मात्र जास्त धरते, हे ते वाक्य. सायटिकात, म्हणजे कंबरेतली नस चिडून पायात कळ उतरते त्या दुखण्यात, दुखणं पायातून कंबरेकडे मागे हटू लागलं की बहुतेक वेळा ती सुधारणेची खूण असते. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांची उपचारपद्धती याच निरीक्षणावर उभी आहे. कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल, पण दुखणं पायात खाली उतरता कामा नये. पुढे कोणाकडेही उपचार घ्या, घरी कोणताही व्यायाम करा, त्याचा गुण येतोय की नाही हे याच मोजमापाने ठरवा.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कायरोप्रॅक्टर आणि आम्ही एकाच दुखण्यावर हाताने काम करतो, तेव्हा माझं म्हणणं वाचताना हे लक्षात असू द्या.

उपचारांच्या निवडीआधी एक गोष्ट आजच करा. अनवाणी उभं राहून दहा पावलं फक्त टाचांवर चाला, मग दहा पावलं चवड्यांवर. लागलं तर भिंतीचा आधार घ्या. नंतर खुर्चीत बसा, दोन्ही पायांचे अंगठे वर उचला आणि मुलाला बोटाने ते खाली दाबायला सांगा. डावा अंगठा उजव्यापेक्षा सहज खाली जातो का? टाचेवर चालताना डावं पाऊल आपटतं का? एल४-एल५ची गादी बहुतेक वेळा ज्या नसेला त्रास देते, तीच नस अंगठा आणि पाऊल वर उचलते. दुखणं आणि मुंग्या सहन करत थांबता येतं. ताकद कमी होत असेल तर थांबायचं नाही, दोन-तीन दिवसांत सर्जनना दाखवायचं. आणि लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि गुप्तांगाभोवती बधिरपणा आला, दोन्ही पाय लुळे वाटू लागले, तर मध्यरात्र असली तरी मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं. तिथे काही तासांच्या उशिराचीही किंमत मोजावी लागते.

इतर वाचकांसाठी आणखी थोडं. संध्याकाळी अंगात कणकण, वजन उतरणं, रात्री घाम आणि झोपेतून जागं करणारी कंबरदुखी असेल तर आपल्याकडे मणक्याच्या टीबीचा विचार आधी व्हायला हवा. कधीकाळी कर्करोग झालेला असणं, हाडं ठिसूळ असल्याचं निदान, बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं, नुकतंच झालेलं पडणं, यांपैकी काही असेल तर हळुवार असो की जोराचा, मणक्यावर कोणाचाही हात पडण्याआधी डॉक्टरांची तपासणी झाली पाहिजे.

आता तुमच्या प्रश्नामागच्या समजुतीकडे येते. गादी सरकली आहे, कोणीतरी ती जागेवर बसवेल आणि मग मी बरी होईन, असं तुम्ही धरून चालला आहात. तुमचा यात दोष नाही. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली’ असंच सगळीकडे बोललं जातं. पण ही गादी दोन मणक्यांच्या मध्ये साबणाच्या वडीसारखी मोकळी ठेवलेली नसते. ती वरच्या-खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. तिच्या कडेचं कडक आवरण झिजतं किंवा चिरतं आणि आतला मऊ भाग बाहेरच्या बाजूला फुगतो, कधी बाहेर येतो. तो बाहेरून दाबून आत ढकलता येत नाही. ना हाताने, ना यंत्राने, ना पायाळूच्या पायाने.

ती बरी होते ती बहुतेक वेळा शरीराच्याच कामाने. बाहेर आलेला भाग शरीर हळूहळू शोषून घेतं, नसेभोवतीची सूज उतरते आणि कळ मागे हटते. याला आठवडे लागतात, कधी महिने. बधिरपणा आणि मुंग्या सगळ्यात शेवटी जातात, म्हणून त्या राहिल्या तर घाबरून जाऊ नका. एमआरआयच्या कागदाचंही तसंच. ज्यांना काहीच दुखत नाही अशा लोकांच्या एमआरआयचे अनेक अभ्यास २०१५ मध्ये एकत्र करून पाहिले, तेव्हा पन्नाशीच्या सुमारे ६० टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या आढळल्या. तुमच्या बाबतीत फुगवटा आणि दुखणारी बाजू जुळते, म्हणून तुमचा त्रास खराच आहे. पण वर्षभराने पाय ठणठणीत झाल्यावरही एखाद्या एमआरआयमध्ये हा फुगवटा दिसला, तर तो पुन्हा आजार समजू नका.

तेव्हा प्रश्न थोडा बदलून विचारा. शरीर आपलं काम करत असताना हे मधले आठवडे कमी दुखावेत, मला हलता-फिरता यावं आणि काही बिघडू नये, यासाठी हळुवार कायरोप्रॅक्टिकचा उपयोग आहे का? या प्रश्नाला माझं उत्तर आहे: काही जणांना होतो, मर्यादित होतो, आणि अटींवर घेतला तर घ्यायला हरकत नाही.

ही पद्धत आली कुठून ते माहीत असलेलं बरं, कारण तिथूनच ‘बसवण्याची’ भाषा आली. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर यांनी हार्वे लिलार्ड नावाच्या एका सफाई कामगाराच्या पाठीवर दाब दिला आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागल्याचा दावा केला. मणका जागेवरून किंचित हलतो, त्याने नस अडते आणि त्यातून बहुतेक आजार होतात, असा सिद्धांत पामर यांनी मांडला. त्याला विज्ञानाचा आधार मिळालेला नाही. पुढे या व्यवसायातल्या अनेकांनी तो बाजूला ठेवला आणि कंबर, मान, सांधे एवढ्याच दुखण्यांवर काम करू लागले. काही जण मात्र अजून तोच धरून आहेत. तुमच्यासमोरचा माणूस कोणत्या बाजूचा आहे, हे त्याच्या बोलण्यावरून ओळखता येतं. ‘मणका जागेवर आणतो’, ‘यानेच तुमची शुगर आणि पचनही सुधारेल’, ‘वर्षभर नियमित यावं लागेल’ असं कानावर आलं की उठून यावं. व्हिडिओत तो ‘कट्’ आवाज ऐकवतात ना, तो हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार होताना तो येतो. आवाज आला म्हणून गुण आला असं नाही, आणि नाही आला म्हणून वाया गेलं असंही नाही.

‘हळुवार’ या एका नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात, तेव्हा जरा तपशिलात सांगते.

पहिली पद्धत खास टेबलावरची. तुम्ही पालथं झोपता, टेबलाचा कंबरेखालचा भाग हळूच खाली झुकतो आणि परत वर येतो. उपचार करणाऱ्याचा एक हात कंबरेच्या मणक्यावर असतो. झटका नसतो, सावकाश लय असते. सायटिका असलेल्यांसाठी हळुवार पद्धतींपैकी मला ही सगळ्यात समजण्यासारखी वाटते, कारण ती कुठे थांबवायची ते तुम्ही सांगू शकता. चांगला माणूस सुरुवातीला अगदी थोडं झुकवून विचारतो, पायात काय जाणवतंय? कळ खाली उतरली तर तिथेच थांबतो. ‘या टेबलाने आत पोकळी तयार होते आणि गादी आत खेचली जाते’ असं सांगितलं जातं, त्यावर मात्र विसंबू नका. आराम वाटणं वेगळं, गादी खेचली जाणं वेगळं.

दुसरं म्हणजे पेनाएवढं स्प्रिंगचं उपकरण, अ‍ॅक्टिव्हेटर. ते मणक्याशेजारी टेकवून टिक-टिक असे बारीक ठोके देतात. धोका अगदी कमी. पण गुणाचं पाहायचं तर २०१५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अलीकडेच सुरू झालेल्या कंबरदुखीवर नेहमीचे वैद्यकीय उपचार, हाताने केलेलं मॅनिप्युलेशन (सांध्याला झटकन दिलेला दाब) आणि हे उपकरण यांची तुलना झाली. चार आठवड्यांनी हाताचा उपचार पुढे होता. उपकरणाचा निकाल नेहमीच्या उपचारांपेक्षा वेगळा नव्हता. सहा महिन्यांनी तिन्ही गट सारखेच. म्हणजे हळुवार आहे एवढ्यावरून जास्त उपयोगी ठरत नाही. याच उपकरणाबरोबर पालथं झोपवून ‘एक पाय आखूड आहे’ असं दाखवतात, त्याने मन खट्टू करून घेऊ नका. त्या मोजणीवर भरवसा ठेवता येत नाही.

तिसरं म्हणजे दाब दिला की टेबलाचा एक भाग धप्पकन किंचित खाली जातो ते. आवाज मोठा, दाब कमी. चौथं, ओटीपोटाखाली पाचरीसारखे ठोकळे ठेवून नुसतं पडून राहणं. त्याने अपाय होईल असं वाटत नाही, पण त्यासाठी फार पैसे द्यावेत असंही वाटत नाही. आणि कुल्ल्याच्या, कंबरेच्या आखडलेल्या स्नायूंवर हाताने केलेलं काम तर सगळेच करतात, त्याने बरं वाटतं.

तुम्ही सध्या ज्याला नाही म्हणायचं ते म्हणजे कुशीवर झोपवून, वरचा गुडघा वाकवून, खांदा एकीकडे आणि कंबर दुसरीकडे पिळून दिलेला झटका. साध्या कंबरदुखीत तो अनेकांना चालतो. पण तुमच्या अंगठ्यात मुंग्या आहेत, नस आधीच चिडलेली आहे. अशा झटक्यानंतर कंबरेतल्या नसांच्या जुडग्यावर दाब येऊन तातडीचं ऑपरेशन करावं लागल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. ती विरळा आहेत, पण हळुवार मार्ग समोर असताना तो धोका घ्यायचं कारण नाही. आणि मानेला हात लावू देऊ नका. दुखणं कंबरेचं आहे. मानेच्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होण्याचा विरळा पण गंभीर धोका असतो. टॉवेल बांधून मान ओढण्याचे जे व्हिडिओ मुलाने पाहिले असतील, ते पाहण्यापुरतेच ठेवा.

गुण किती येतो याबद्दल दोन अभ्यास सांगते, कारण तुमचाच प्रश्न घेऊन ते झाले आहेत. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पायात जाणारी कंबरदुखी असलेले १९२ लोक होते. निम्म्यांना घरचे व्यायाम आणि सल्ला, निम्म्यांना त्याच्या जोडीला मॅनिप्युलेशन. बारा आठवड्यांनी जोड मिळालेल्यांचा पाय जास्त बरा होता. वर्षाने पायाच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता. दुसरा कॅनडातल्या कॅल्गरीचा, २०१० मधला. इतर उपाय करून तीन महिने न सुधारलेले, ऑपरेशनसाठी पाठवलेले ४० रुग्ण. त्यांतल्या निम्म्यांना आधी कायरोप्रॅक्टिक दिलं. त्या निम्म्यांपैकी ६० टक्के लोकांना ऑपरेशनइतकाच फायदा झाला; ज्यांना झाला नाही त्यांनी नंतर ऑपरेशन करून घेतलं आणि तेही चांगले झाले. चाळीस म्हणजे फार लहान संख्या, म्हणून त्यावर मोठा इमला उभारू नये. दोन्हींतून मला दिसतं ते हे, की हाताचे उपचार मधला काळ सुसह्य करतात आणि थोडे दिवस करून पाहिल्याने पुढची दारं बंद होत नाहीत. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात: हाताचे उपचार व्यायामाच्या जोडीनेच द्या, एकटे नकोत. त्याच सूचना कंबरेच्या पट्ट्याला आणि वजन लावून ताण देण्याला नको म्हणतात. तुमचा पट्टा फार आधार वाटला तर गर्दीच्या दोन तासांपुरता लावा. दिवसभर नको.

आता माणसाबद्दल. आपल्या देशात कायरोप्रॅक्टरची नोंदणी करणारी कोणतीही सरकारी परिषद नाही. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने अशी परिषद आहे. इथे परदेशातून चार-पाच वर्षांची पदवी घेऊन आलेला माणूसही तीच पाटी लावतो आणि काही दिवसांचा वर्ग करून आलेलाही तीच. म्हणून विचारायला संकोचू नका: शिक्षण कुठे, किती वर्षं? पहिल्या भेटीत तुम्ही माझी ताकद, संवेदना, गुडघ्या-घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया तपासणार का? व्यायाम शिकवणार का? गुण आला नाही तर कुणाकडे पाठवणार? तपासणी न करता थेट टेबलावर झोपवलं, किंवा पाठीचे एक्स-रे पुन्हापुन्हा काढायला लावले, तर तिथे थांबू नका.

आणि हेही माहीत असू द्या, की यातलं बरंच काम हळुवार हाताने फिजिओथेरपिस्टही करतात. मेटलंड आणि मलिगन या फिजिओथेरपिस्टांच्या, हाताने सांधे हलवण्याच्या पद्धती आपल्याकडे सर्रास शिकवल्या जातात. महाराष्ट्रात आमच्यासाठी २००२ च्या कायद्याने राज्य परिषद आहे, त्यामुळे नोंदणी क्रमांक विचारता येतो. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या ठिकाणी, अगदी कमी खर्चात हे मिळू शकतं. रांग असते, पण काम होतं. मात्र फिजिओथेरपीच्या नावाखाली रोज वीस मिनिटं नुसती यंत्रं लावून घरी पाठवत असतील तर तोही उपचार नव्हे. तिथेही व्यायाम मागून घ्या.

ऑपरेशनबद्दलची तुमची धास्ती मला कळते. नात्यातल्या त्या व्यक्तीचं नेमकं काय झालं, ऑपरेशनआधी पाय किती कमजोर होता, हे तुम्हाला किंवा मला ठाऊक नाही. नेदरलँड्समध्ये २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तुमच्याच टप्प्यावरच्या लोकांचा आहे: सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेले २८३ जण. काहींचं लवकर ऑपरेशन केलं, काहींना आधी थांबायला सांगितलं. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर गेली. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांनी पुढे ऑपरेशन करून घेतलं, बाकीच्यांना गरज पडली नाही. वर्षाने दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के लोक बरे झाले होते. थांबल्याने तुमचं नुकसान होत नाही, आणि उद्या कळ असह्य झाली किंवा ताकद गेली तर ऑपरेशन म्हणजे शिक्षा नव्हे. मधला एक पर्याय म्हणजे नसेजवळ स्टेरॉइडचं इंजेक्शन. तीव्र कळ काही आठवडे खाली आणायला ते उपयोगी पडू शकतं. तुमची कळ उतरणीला आहे, तेव्हा सध्या त्याचीही गरज दिसत नाही.

गोळ्यांचं एक राहिलं. तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या गोळ्यांच्या यादीत प्रीगॅबालिन ही नसांच्या दुखण्यावरची गोळी आहे. सायटिकावर ती द्यायची आपल्याकडे रीत आहे, पण नाइसच्या सूचना त्याविरुद्ध आहेत, आणि तिने गुंगी येते. गरम तव्याशेजारी उभं राहणाऱ्या बाईला गुंगी चालणार नाही. मात्र ती एकदम बंद करू नका. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. रक्तदाब असेल तर दुखण्याच्या इतर गोळ्याही मनाने वाढवू नका.

सासूबाईंचं मन मोडू नका. उसण भरली की पायाळूचा पाय लावायचा, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलं असणार, आणि साधी उसण चार दिवसांत तशीही जाते. त्यांना सांगा की डॉक्टरांनी पाठीवर दाब द्यायला मना केलंय. त्यांच्या हातून गरम पाण्याची पिशवी घ्या, तेलाने हलकं चोळून घ्या. शेक खरंच बरा वाटतो.

आता केंद्र. बंद करू नका, कामाची पद्धत बदला. कंबरेला दोन गोष्टी सोसत नाहीत: बराच वेळ एकाच अवस्थेत राहणं आणि वाकून ओझं उचलणं. पोळपाट कोपराच्या चार-सहा बोटं खाली येईल इतका उंच ठेवा, म्हणजे मान-पाठ वाकणार नाही. पायाशी एक पाट ठेवा आणि आलटून पालटून एक पाय त्यावर ठेवून उभ्या राहा. वीस मिनिटं झाली की दुखायची वाट न पाहता पाच मिनिटं घरातल्या घरात चालून या. लाटणं आणि भाजणं मदतनीस बाईंबरोबर अदलाबदल करा. खाली बसून लाटणं सध्या नको. कणीक मळण्याचं यंत्र घेता आलं तर पॅकेजऐवजी त्यात पैसे घाला. मला तो तुमच्या कंबरेवरचा जास्त टिकाऊ खर्च वाटतो. भरलेला घरगुती सिलिंडर टाकीसकट तीस किलोच्या आसपास जातो, कणकेची पातेलीही काही हलकी नसतात. हे उचलायचं काम मुलाचं. तो तुमच्यासाठी रात्री व्हिडिओ शोधत बसतो, म्हणजे त्याला काळजी आहे. त्या काळजीला काहीतरी काम द्या. सकाळी सात वाजता कणीक ओट्यावर ठेवून जाणं हा उपचारच आहे.

आडवं झाल्यावर अपराधी वाटतं, असं तुम्ही लिहिलंत. ताई, दुपारी अर्धा तास गुडघ्यांखाली उशी घेऊन पाठीवर पडणं हा आळस नाही. रात्री कुशीवर झोपताना गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्या. पण दिवस दिवस पडून राहू नका, त्याने स्नायू सुटतात आणि भीती वाढते. दिवसातून तीन-चार वेळा दहा मिनिटं सपाट रस्त्यावर चाला. पालथं झोपून कोपरांवर छाती थोडी उचलून धरण्याचा व्यायाम करून पाहा. कळ वर सरकली तर दिवसातून काही वेळा करा, पायात उतरली तर सोडा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवून दुसरा घ्या.

पैशांचं म्हणाल तर २४ बैठकांचे आधी भरू नका, सवलत कितीही असो. ही सवलत तुम्हाला तिथे बांधून ठेवते. गुण आला नाही तरी पैसे भरलेत म्हणून तुम्ही जात राहाल. आधी टाचेवर चालून पाहा. ताकद दोन्हीकडे सारखी असेल, वर सांगितलेले प्रश्न विचारून माणूस पटला असेल आणि कुशीवर झोपवून दिलेला झटका व मानेचं काम नको हे त्याने मान्य केलं असेल, तर एका बैठकीचे पैसे द्या. मग दुसऱ्या. दोन-तीन आठवड्यांत सहा बैठकांपर्यंत जा आणि वहीत रोज दोनच गोष्टी लिहा: कळ पायात कुठपर्यंत जाते आणि ओट्याशी किती मिनिटं उभं राहता येतं. सहा झाल्यावर दोन्ही ओळी जिथल्या तिथेच असतील तर तिथलं जाणं बंद करा, वही घेऊन सर्जनांच्या पुढच्या भेटीला जा आणि त्यांना अंगठ्याची ताकद पुन्हा तपासायला सांगा.